वजनाचा काटा आणि कंबरेचा पट्टा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण. वक्त्याने नंतर आठवून लिहून काढले आहे.)



शरीराचे वजन आरोग्यपूर्ण रीतीने कसे आटोक्यात ठेवावे, या विषयावर आम्ही बोलावे असे चिटणिसांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात थोडी थट्टा असावी अशी आम्हांस शंका आली. आमची देहयष्टी आपणांपैकी पुष्कळांनी गेली पंधरा-वीस वर्षे जवळून पाहिली आहे. आम्ही डॉक्टर नव्हे आणि आहारतज्ज्ञही नव्हे. कला शाखेचे साधे पदवीधर आहोत, आणि आयुष्याचा मोठा भाग केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे लिहिण्यात गेला आहे. तरीही निमंत्रण स्वीकारले. या विषयात आम्ही एकदा चांगलेच ठेचकाळलो आहोत, आणि आमच्या घरात त्यापूर्वीच एक गोष्ट घडून गेली होती जी वेळीच समजली असती तर फार बरे झाले असते. आधी ती गोष्ट सांगतो.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, १९६६ साली जामुलला आले. येथील सिमेंटचा कारखाना १९६५ साली सुरू झाला होता. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ सालीच पेटली होती, आणि विदर्भातून, खानदेशातून, पश्चिम महाराष्ट्रातूनही माणसे पोटापाण्यासाठी या बाजूला येतच होती. नानांचे वाहन म्हणजे सायकल. कामावर सायकल, बाजारहाटाला सायकल, रविवारी सुपेल्याला कोणाकडे जायचे तरी सायकल. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन अठ्ठावन्न किलो. हे अठ्ठावन्न किलो त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत. कोणी भेटले की म्हणे, "नाना, तुमची प्रकृती म्हणजे सडपातळ! तुम्हाला कसला रोग होणार?" आणि आम्हा सर्वांना ते खरेच वाटे.

१९९६ साली ते निवृत्त झाले. सायकल सुटली. त्याऐवजी आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि दूरदर्शन आले. दुपारची झोप आली. आईच्या हातचा गोड चहा दिवसातून पाच वेळा येऊ लागला. काट्यावर मात्र तेच अठ्ठावन्न. एकच गोष्ट बदलली, आणि ती आमच्या कोणाच्या लक्षात आली नाही. त्यांच्या चामड्याच्या पट्ट्याला चर्मकाराकडून नवी भोके पाडून आणावी लागत. तीन वर्षांत तीन भोके, आणि तीही पट्टा सैल करण्याच्या बाजूला. हातपाय काडीसारखे होत चालले होते आणि पोट मात्र हळूहळू पुढे येत होते. २००१ साली पायाच्या अंगठ्याला झालेली जखम दीड महिना भरून येईना, तेव्हा रक्त तपासले. मधुमेह निघाला, आणि तो बराच जुना होता असे डॉक्टर म्हणाले. अंगठा गेला. पुढील दहा वर्षे नानांनी धीराने काढली, पण ते पूर्वीसारखे कधीच चालू शकले नाहीत.

वजन वाढले नाही आणि तरी जाडेपणाचा रोग झाला, हे कोडे आम्हांस पुष्कळ दिवस उलगडले नाही. ते उलगडले पुण्याच्या एका संशोधकाच्या कामामुळे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो भरले; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. आपले बाळ लहान, त्याचे स्नायू अशक्त, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ जशीच्या तशी राखलेली! म्हणजे वरून किडकिडे आणि आतून मेदस्वी, हा प्रकार जन्मापासूनच सुरू होतो.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघेही शास्त्रज्ञ, आणि उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु यंत्राने मोजले तेव्हा युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि आमच्या पुणेकर डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा दाखवीत होता. त्या चित्राची हकीकत वाचली तेव्हा आम्हांस नानांचा तो पट्टा आठवला.

आता हा निर्देशांक म्हणजे काय ते सांगतो, कारण दवाखान्यात तो आकडा सर्वांना सांगतात आणि समजावून कोणी सांगत नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. नानांचे ५८ किलो आणि १.६५ मीटर, म्हणजे निर्देशांक सुमारे २१. पुस्तकाप्रमाणे हे उत्तम. बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही रीत काढली ती लोकसमूहाचे सरासरी मोजमाप करण्यासाठी. एकेका माणसाचे भविष्य वर्तविण्यासाठी ती नव्हती. जगात सर्वसाधारणपणे २५ च्या वर वजन जास्त समजतात. आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ साली ती मर्यादा खाली आणली आणि २३ च्या वर जास्त वजन, २५ पासून स्थौल्य, असे ठरविले. त्याबरोबर कंबरेचा घेर सांगितला. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रीचा ८० च्या आत. पोटातील चरबी, जी यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठते, ती अंगावरच्या चरबीपेक्षा घातक. आणि तिचा सुगावा काट्याला लागत नाही, शिंप्याच्या टेपला लागतो. शेवटच्या बरगडीच्या खाली आणि कंबरेच्या हाडाच्या वर, मध्यावर, श्वास सोडून टेप धरावी. श्वास ओढून धरणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. आम्ही ती अनेक वर्षे केली.

आता आमची हकीकत. नाना कृश राहून आजारी पडले, आम्ही उघड उघड स्थूल होतो. बदलीच्या गावी एकट्याचा संसार, जेवण खाणावळीचे, कचेरीत दिवसाला सहा चहा आणि प्रत्येक बैठकीला सामोसे. २०१६ साली वार्षिक वैद्यकीय तपासणीत आमचे वजन ८३ किलो भरले. उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ४२ इंच. घाबरलो. कोणी एकाने एका शहरातील 'वजन उतरविणाऱ्या' केंद्राचा पत्ता दिला. तेथे एक भुकटी मिळे. सकाळी पाण्यात भुकटी, रात्री पाण्यात भुकटी, दुपारी मूठभर उकडलेल्या भाज्या. पैसे भरपूर. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले! आम्ही पेढे वाटावयाचे तेवढे बाकी ठेवले.

ते तीन किलो बहुतांशी पाणी होते, हे पुढे कळले. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा ठेवते आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. उपाशी राहिले की साठा संपतो, पाणी निघून जाते, काटा झपकन खाली येतो. भुकटी विकणाऱ्याचा सगळा व्यापार या पहिल्या आठवड्यावर चालतो. असो. दहा आठवड्यांत अकरा किलो गेले. चेहरा ओढलेला, स्वभाव तिरसट. आमच्या हाताखालच्या मंडळींनी ते दिवस कसे काढले असतील, देव जाणे. आणि मग एके रात्री पोटाच्या उजव्या बाजूला अशी कळ आली की जमिनीवर लोळलो. पित्ताशयात खडे झाले होते. झपाट्याने वजन उतरविले की असे खडे होण्याचा संभव वाढतो, हे वैद्यकाला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. त्या केंद्रात कोणी ते सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया झाली. भुकटी सुटली. पुढील दहा महिन्यांत अकरा गेले होते त्यांच्या जागी चौदा परत आले.

आम्हांस वाटले, आमचाच संयम कमी पडला. पुष्कळांना असेच वाटते, विशेषतः स्त्रियांना, आणि त्या लाजेने माणूस अधिक खातो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. ही मंडळी धट्टीकट्टी, ध्येयवादी, युद्धाला नैतिक विरोध म्हणून आपण होऊन पुढे आलेली. पण थोड्याच आठवड्यांत ती दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला. आणि पुन्हा मनसोक्त खावयास मिळाले तेव्हा पोट भरले तरी भूक भागेना. स्नायू भरून येण्याआधी चरबी परत आली. म्हणजे उपाशी ठेवलेले शरीर दुष्काळ आला असे समजते, आणि पुढच्या दुष्काळाची तरतूद करून ठेवते. यात चारित्र्याचा प्रश्न नाही.

आमच्या पूर्वजांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने येतो, आणि दोन्ही वाईटच, तरी त्यातल्या त्यात कृश बरा, असा अभिप्राय दिलेला आहे. स्थूल माणसाला द्यावयाचे अन्न पोटाला जड पण पोषणाला हलके असावे, जव, मूग, कुळीथ वापरावेत, आणि व्यायाम वाढवावा तो क्रमाक्रमाने, असे तेथे सांगितले आहे. हा 'क्रमाक्रमाने' शब्द आमच्या भुकटीवाल्याने वाचला असता तर आमचे पित्ताशय वाचले असते. त्याच ठिकाणी जागरणही वाढवावे असे म्हटले आहे. ते मात्र कृपा करून ऐकू नये. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आता नीट तपासले गेले आहे, आणि आपल्या येथे रात्रपाळी करणाऱ्या घरांना ते शास्त्रावाचूनही माहीत आहे. रात्री दोन वाजता लागणारी भूक पोळी-भाजीची नसते, ती भज्यांची असते.

पित्ताशय गेल्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात एक नवे रामायण सुरू झाले होते, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आपणां सर्वांना ठाऊक आहेत. अनेक पदव्या मिळविलेला हा विद्वान राजकारणी २००४ साली मोटार अपघातात अकाली गेला. आहाराविषयी ते व्याख्याने देत. माणूस जितक्या वेळा खातो तितक्या वेळा इन्शुलिन स्रवते, सबब खाण्याच्या वेळा कमी करा, असे त्यांचे प्रतिपादन होते. तोच धागा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उचलला, स्वतःवर आधी प्रयोग केला आणि गावोगाव विनामूल्य व्याख्याने देऊन सांगितले: कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर. त्यांचे २००९ सालचे इंग्रजी पुस्तक फार खपले. त्यांचे म्हणणे नेमके उलट, दर दोनएक तासांनी थोडे थोडे खा, तूप-भाताला भिऊ नका, आजीच्या स्वयंपाकघराकडे परत जा.

२०१९ साली आम्ही नागपूरला एका लग्नाला गेलो होतो. घरात दोन पक्ष पडलेले. मेहुणे दीक्षितपंथी, त्यांच्या सौभाग्यवती दिवेकरपंथी. एक जण दुपारी एकपर्यंत पाण्याचा घोटही मोजून घेई, दुसऱ्यांचा शेंगदाण्यांचा डबा पर्समध्ये. यजमानीण बिचारी दिवसभर स्वयंपाकघरात! वाद एवढा पेटला की सीमांतपूजनाला वरपक्षाची मंडळी दारात उभी राहिली तरी कोणाचे लक्ष नाही.

आम्ही दोन्ही बाजू वाचल्या. आमचे मत असे झाले की वेळांवरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. दिवसाचे एकूण अन्न तेवढेच असेल, तर दोनदा खाल्ले की सहादा, याने वजनात मोठा फरक पडत नाही, असाच बहुतेक प्रयोगांचा कौल आहे. दोन वेळच्या जेवणाचा लाभ ज्यांना झाला, त्यांचा बराचसा लाभ मधले चहा-बिस्किट, फरसाण, सामोसे बंद झाल्याचा. थोडे थोडे खाऊन ज्यांना लाभ झाला, त्यांचाही रात्री नऊच्या ताटावर तुटून पडणे थांबल्याचा. आणि चालणे दोघांनीही सांगितलेलेच आहे. तेव्हा ज्याला जे निभेल ते त्याने धरावे. मात्र ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा तोडू नयेत. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, ही थट्टेची गोष्ट नाही.

आता आमच्या घरी काय केले ते सांगतो. २०२२ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली, तेव्हा आम्ही पुन्हा ८३ वर होतो. पहिली गोष्ट आमच्या सौभाग्यवतींनी केली आणि ती तेलाच्या डब्यापासून केली. घरात माणसे चार, महिन्याला तेल पाच लिटर. त्यांनी कागदावर मांडून दाखविले की माणशी दिवसाला सुमारे अडतीस ग्रॅम तेल पोटात जाते. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक. पदार्थ एकही बंद न करता, फोडणी चमच्याने मोजून घालून आणि तळण रविवारपुरते ठेवून, तीन-चार महिन्यांत त्यांनी हा खर्च साडेतीन लिटरवर आणला. म्हणजे माणशी रोज अकरा ग्रॅम तेल, सुमारे शंभर उष्मांक, वाचले. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. रोजचे शंभर म्हणजे कागदावर वर्षाला साडेचार-पावणेपाच किलो होतात. शरीर कारकुनासारखा हिशेब ठेवीत नाही. वजन उतरू लागले की तेही काटकसर सुरू करते, म्हणून प्रत्यक्षात याहून कमीच पदरात पडते. परंतु आम्हांस त्या कागदाने धीर दिला. इतक्या लहान गोष्टीने इतके होत असेल, तर उपाशी राहण्याचे कारण काय?

चहाची गोष्ट आम्ही केली. सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची इष्ट मर्यादा सुमारे पंचवीस ग्रॅम सांगितली आहे. आम्ही साखर एकदम सोडली नाही. महिन्याला अर्धा चमचा कमी करीत गेलो आणि चहा तीनवर आणले. आता पूर्वीच्या गोडीचा चहा कोणी दिला तर घशाखाली उतरत नाही.

ताटातला बदल या छत्तीसगडच्या भूमीने शिकविला. हा धानाचा प्रदेश. येथे येऊन आपण भात वाढविला, पण येथल्या पालेभाज्या घेतल्या नाहीत. आठवडी बाजारात लाल भाजी, चेच भाजी, मुनग्याचा पाला ढिगांनी असतो आणि स्वस्त असतो. आम्ही भाताच्या दोन मुदींची एक केली, वरणाच्या एका वाटीच्या दोन केल्या, आणि पालेभाजी रोज. दही किंवा अंडे एका वेळेला. यात हेतू असा की वजन उतरताना स्नायू उतरू नयेत. चाळिशीनंतर स्नायू आपोआपच कमी होऊ लागतात. नानांचे अठ्ठावन्न किलो कायम राहिले ते स्नायू जाऊन त्या जागी चरबी येत गेली म्हणून.

यासाठी केवळ चालणे पुरत नाही. चालणे हवेच. आम्ही पहाटे, सिमेंटच्या मालमोटारींची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, चार किलोमीटर चालतो. मे महिन्यात सूर्योदयाच्या आत घरी परततो. पण चार किलोमीटर चालून जेमतेम दोनशे उष्मांक खर्च होतात आणि एका मोठ्या सामोशात अडीचशे असतात, तेव्हा चालून आल्याबद्दल स्वतःला सामोसा बक्षीस देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. स्नायूंसाठी आम्ही सूर्यनमस्कार धरले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर त्यांचा प्रसार केला. आम्ही तीनपासून सुरू केले आणि आज चोवीसवर आहोत. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. तोही पुष्कळ आहे.

दोन वर्षांत ८३ चे ७४ झाले. कंबर ४२ ची ३७ इंच झाली. पुस्तकातील मर्यादेच्या बाहेरच आहोत, हे कबूल करतो. पण रक्तातील साखर खाली आली आणि रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी सुमारे सात टक्के वजन उतरवावे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालावे, एवढे उद्दिष्ट ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांनी कमी राहिले. आमच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रयोग चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला. तेथे आहार-व्यायाम सुधारलेल्या गटाचे वजन फारसे उतरलेच नाही, तरीही तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे अठ्ठावीस टक्क्यांनी घटला. काटा हलला नाही म्हणून जे निराश होऊन सोडून देतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

नव्या औषधांविषयी हल्ली फार विचारतात. आठवड्याला एक टोचून घ्यावयाची, भूक कमी करणारी इंजेक्शने २०२५ सालापासून वजनासाठी आपल्याकडेही मिळू लागली. ती भुकटीच्या जातीची नव्हेत, खरी औषधे आहेत, आणि ज्यांना अतिस्थौल्याने रोग जडले आहेत त्यांना त्यांचा उपयोग होतो. पण ती बंद केली की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असे प्रयोगांतच दिसले आहे. लग्नाच्या मुहूर्तापूर्वी आठ किलो उतरवावयाचे म्हणून ती घेऊ नयेत. निर्णय डॉक्टरांचा.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रियांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून वर होता, आणि त्याच वेळी सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमीच होते. आपल्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुली जाड होऊ नये म्हणून डबा तसाच परत आणतात. याज्ञिकांची ती अडीच-पावणेतीन किलोची बाळे कोणाच्या पोटी जन्मली, याचा विचार करावा. अशक्त आईचे बाळ लहान, आणि तेच पुढे चाळिशीत पोट सुटून मधुमेही. मुलीच्या शरीरावर जेवताना शेरा मारणे आपल्या घरात सर्रास चालते. ते बंद व्हावे. आणि घरातील गृहिणी, जी सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून पातेले पुसून खाते, तिच्या पोटाला तरी आपण केराची टोपली का समजावे?

शेवटी आपल्या मंडळाविषयी. हे बोलताना जीभ थोडी अडखळते. गाव सोडून आलेल्या माणसाला गाव जिभेवर राहते. आमच्या लहानपणी मंडळात पुरणपोळी वर्षातून एकदा होई, आणि ती खाणारी माणसे पुढचे सहा दिवस सायकल मारीत. त्या एका दिवसासाठी आई महिनाभर आधीपासून उत्सुक असे. आज गणपती, कोजागिरी, दिवाळी, हळदीकुंकू, वर्धापनदिन, प्रत्येकाला जेवण. त्याशिवाय दर बैठकीला बटाटेवडा. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कोणी आपणांस पाहूनच रचली असावी. आपण महाराष्ट्राशी असलेले नाते पोटाने सांभाळीत आहोत. त्या भावनेची थट्टा आम्ही करणार नाही. नाना आजारी असताना आईच्या हातची पुरणपोळी मागत आणि आई पदराने डोळे पुसून अर्धीच वाढी, हे आम्ही पाहिले आहे.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. सणाचे जेवण सणासारखे व्हावे, त्यात काटछाट नको. पण मासिक बैठकीचा वडा बंद करून त्या जागी काकडी-मुगाची कोशिंबीर आणि ताक ठेवावे. आणि पन्नाशी साजरी करण्यासाठी जी सहल ठरली आहे, ती बसमधून मैत्रीबागेच्या दारापर्यंत जाऊन तेथेच डबे उघडण्याची नसावी. शेवटचे तीन किलोमीटर सर्वांनी चालावे. ज्येष्ठांसाठी बस मागून येईल.

भाषणानंतर एका आजींनी विचारले, "मग गणपतीत मोदक खायचे की नाही ते सांगा ना सरळ!" आम्ही म्हटले, आजी, खायचे. आम्ही पूर्वी अकरा खात होतो, गेल्या वर्षी तीन खाल्ले, साजूक तूप घालून, बसून, गप्पा मारीत. त्यावर त्या म्हणाल्या की तीन मोदक खाणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता, पुढच्या वर्षी आमच्याच घरी जेवावयास या, मी मोजते. निमंत्रण आम्ही स्वीकारले आहे.

शिंप्याची एक टेप मंडळाच्या कपाटात, हजेरीपत्रकाशेजारी, ठेवली आहे. ज्यांना कंबर मोजावयाची असेल त्यांनी बैठकीच्या दिवशी दहा मिनिटे आधी यावे. किल्ली चिटणिसांकडे आहे.